चौकड्याची पलटण

४ जुलै १९८२, रविवार. लातूर

मी हजर. पाऊस गैरहजर.

ही पलटणीतली खोड. वहीत आधी हजेरी, मग बाकीचं. आज बाकीचं लई हाय.

माझी पोरगी पंचशीला मुलींच्या शाळेत मास्तरीण हाय. सकाळी चहा पिता पिता म्हणली, "आबा, पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा व्हतोय. नव्या जिल्ह्याचं पहिलं झेंडावंदन. आमच्या शाळेच्या बँडचं नाव पुढं आलंय, पण पोरी नुसती डबडी बडवतात. तुमी शिकवता का?"

मी म्हणलं, विचार करून सांगतो. विचार कसला डोंबलाचा! आतल्या आत उड्या मारून राहिलो होतो. उभी जवानी पलटणीच्या बँडात घातली, ड्रम मेजर होऊन घरी आलो. बँडच्या पुढं काठी फिरवत चालणारा माणूस म्हंजे मी. आणि इथं आल्यापासून काय फिरवलं? रहाटाचा दोर.

चांगुणा चुलीपासून म्हणली, "आधी गुडघ्यांना विचारा." माझी बायको. कुठं काय बोलावं ते हिला अजून कळलं न्हाई.

६ जुलै

आज आषाढी पौर्णिमा. वर्षावास लागला, आमच्या बौद्धांचे ध्यान-उपासनेचे तीन महिने. चांगुणा पांढरं पातळ नेसून विहारात गेली, मी शाळेच्या मैदानावर.

पोरी बारा. चार ताशे, एक मोठा ढोल, बाकीच्या बासऱ्या. मोठा ढोल सिंधु नावाच्या पोरीच्या गळ्यात. ढोलामागं पोरगी दिसतच न्हाई, ढोलच दोन पायांनी चालत आल्यावाणी वाटतो. पण हात! काय हात हाय पोरीचा! दुष्काळाचा एवढा एकच फायदा, कोरड्या हवेत कातडं ताणून बसतं. आभाळ वाजत न्हाई, आमचा ढोल वाजतो.

मी लई कडक वागलो. पोरी थरथर कापत होत्या. पंचशीला मात्र म्हणते, की माझी पाठ वळली की त्या माझ्या मिशीची नक्कल करतात. असं व्हायचं न्हाई.

११ जुलै

समारंभाच्या समितीचे शेषेराव आले होते. भला माणूस, पण खादी अशी कडक इस्त्रीची की बसताना आवाज येतो. म्हणाले, "मेजर, वाजवणं ठीक हाय. पण ड्रेस काय? पहिला मान हाय जिल्ह्याचा. ड्रेस नसंल तर उदगीरच्या गुरुपादप्पाचा बँड तयार हाय. लग्नातले लाल कोट हाईत त्याच्याकडं, सोनेरी झालरीचे."

झालर! मी वहीतलं चित्र काढून समोर ठेवलं. पांढरा सदरा, खांद्यावरून लाल पट्टा, तिरपी टोपी, टोपीत तुरा. आणि खाली चौकड्याचा चुण्यांचा घागरा, अस्सल स्कॉटलंडचा थाट. पलटणीच्या बँडातल्या आमच्या स्कॉटिश मॅकसाहेबानं शिकवलेला.

शेषेराव चष्मा सावरून म्हणाले, "अहो, इंग्रज गेल्याचा दिवस, आणि पोरींना इंग्रज करता?"

माझं डोकं सणकलं. म्हणलं, "साहेब, इंग्रज गेला. पण त्या ड्रेसात घाम कोणाचा जिरलाय? आमचा. परेड आमची, फोड आमचे. त्याचा थाट आमच्या पोरी त्याच्यापेक्षा झोकात घालून दाखवतील, मग बोला. आणि तुमचं सायबी घड्याळ काढून ठेवा आधी."

पंचशीलानं माझा पाय दाबला. शेषेराव हसले, हे नशीब. अकरा ऑगस्टला ड्रेससहित तपासणी. पास झालो तर आम्ही, न्हाई तर गुरुपादप्पा.

१४ जुलै

आया आणि आज्या शाळेत जमल्या. घागरा किती आखूड, ह्याच्यावर रणकंदन. सगळ्यांत पुढं सिंधुची आजी धोंडाबाई. "पोरीचे गुडघे जिल्ह्याला दाखवायचे हाईत का?" शेवटी घोट्याच्या वर चार बोटं, खाली पांढरे मोजे, असा तह झाला. मॅकसाहेब असता तर रडला असता. पण आजींपुढं त्याचीबी मात्रा चालली नसती.

धोंडाबाई चाकूरकडली, माझ्याच गावची सून. मी ओळख दिली न्हाई. तिला पाहून जुनं वर आलं, ते लिहून टाकतो म्हंजे डोक्यातून जाईल.

मॅकसाहेब मायदेशी जाताना त्याचा लाल कोट मला देऊन गेला. पुढं प्रजासत्ताक झाल्यावर मी मुकुटाची पितळी बटणं काढून सिंहांची लावली, स्वतःच्या हातानं. पण त्याच्या आदलं साल, एकोणपन्नास. लग्न करून चांगुणाला घेऊन गावी निघालो. कोट घातला होता. गावानं बघावं, म्हणून घातला होता. वेशीत वरच्या आळीचे चौघं उभे होते. म्हणाले, कोट काढ, मग गावात ये. मी बटणाला हात घातला. चांगुणा नवी नवरी, पण तीच पुढं झाली. बोचक्यातलं तिचं लग्नाचं लुगडं काढलं, त्यात कोट गुंडाळला आणि बोचकं स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

त्यानंतर कोट देशभर घातला. ह्या मुलखात न्हाई.

आता ते गावबी ह्या नव्या जिल्ह्यात येतंय. पंधरा तारखेला तो कोट घालून मला पुढं चालायचंय. बस. एवढंच पाहिजे.

१८ जुलै

पाऊस गैरहजर, आता कापडबी गैरहजर.

शाळेनं हात वर केले. सगळं टँकरकडं चाललंय, घागऱ्यांना कुठून आणायचं? त्यांचंबी खरं हाय. मुख्याध्यापिका म्हणतात, निळे स्कर्ट पांढरे सदरे आहेत तेच घाला. म्हणलं, बाई, त्यात पोरी दवाखान्यातल्या नर्सा वाटतील. आणि गुरुपादप्पा झालर हलवत पुढं जाईल.

रामकिशन शिंप्याकडं गेलो. म्हणतो, चुण्यांना लई कापड खातं, आणि असा चौकडा बाजारात न्हाईच. घरी येऊन भाकरी गोड लागली न्हाई.

२० जुलै

चांगुणानं आज भलतंच विचारलं. "अवं, तो तुमचा चौकडा असतो तरी कसा?"

तेहेतीस वर्षांत तिनं माझ्या पलटणीतलं पहिल्यांदा काही विचारलं, म्हणून मी सगळं सांगितलं. मॅकसाहेब सांगायचा, त्यांच्या मुलखात घराघराचा चौकडा वेगळा. ह्या घराचा हिरवा-काळा, त्या घराचा लाल-निळा. लांबून चौकडा बघूनच कळतं, कोणाची लेक चालली. दुसऱ्या घराचा चौकडा अंगावर घालत न्हाईत.

"असं व्हय," म्हणली, आणि तांदूळ निवडायला लागली. निवडता निवडता गालात हसून राहिली होती. बायकांना काय कळणार ह्यातलं.

२४ जुलै

चांगुणा रोज पांढरंच पातळ नेसते. विचारलं तर म्हणते, "वर्षावास हाय न्हवं?" धर्माचं मनावर घेतलंय म्हाताऱ्या वयात. चांगलं हाय.

धुतलेलं पातळ वाळेपर्यंत ती आतल्या खोलीतून बाहेर येत न्हाई, ध्यान करते म्हणे. मी आवाज केला न्हाई.

२७ जुलै

आलं! कापड आलं!

रामकिशनच्या दुकानात गठ्ठाच पडला होता. हिरवा-काळा, जांभळा-पिवळा, लाल-पांढरा, काय एकेक चौकडा! हात लावला तर मऊ, पाण्यावाणी. विलायती माल असाच मऊ असतो. म्हणलं, "कुठून आणलंस रे?"

रामकिशन सुईत दोरा ओवत म्हणाला, "मेजर, असा माल सोलापुरातबी मिळायचा न्हाई."

म्हंजे मुंबई. न्हाई तर थेट बोटीनंच. पंचशीला तिथंच होती, तिला एकाएकी खोकला लागला. धूळ लई झालीय.

एकसारखे दोन चौकडे न्हाईत. आधी खट्टू झालो. मग आठवलं, घराघराचा चौकडा वेगळा! म्हंजे पाठवणारा जाणकार हाय. चौकातल्या हॉटेलात बसून मी चार माणसांना सांगितलं, कापड विलायतेहून आलंय.

१ ऑगस्ट

ट्रंकेतून कोट काढला. बटण इकडं, काज तिकडं, मधी वितभर मी. श्वास आत ओढला, पोट आत गेलं, पण मग बोलता येईना. चांगुणा हसून हसून भिंतीला टेकली.

उद्यापासून एकच भाकरी. पहाटे मैदानाला दोन फेऱ्या. शरीर हाय, हुकूम दिला की ऐकतं.

७ ऑगस्ट

ऐकलं की न्हाई शरीरानं? कोट बसला! गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लागली, वर हात हलवायला जागा. आठवड्यात एवढं पोट उतरवणारा माणूस लातुरात दुसरा दाखवा. चांगुणाला म्हणलं, "बघितलंस? निश्चय पाहिजे." ती म्हणली, "हाव, निश्चय तर पाहिजेच." आणि ताटात दुसरी भाकरी टाकली. खाल्ली. आता भीती न्हाई.

बोटाला सुई टोचलीय म्हणते, चिंधी बांधून फिरते. ह्या वयात रात्रंदिस गोधडी शिवायला कोणी सांगितलंय हिला?

११ ऑगस्ट

आज जीव जाऊन परत आला.

तपासणी. पोरी ड्रेस घालून ओळीत उभ्या राहिल्या आणि मैदानावरची सगळी माणसं पुढं सरकली. गुरुपादप्पा स्वतः बघायला आला होता. पोट पुढं, पानानं तोंड लाल. एकदा ओळीच्या पुढून गेला, एकदा मागून. मग म्हणाला, "अय्यो मेजर, ह्यांच्यापुढं आमचे कोट म्हंजे वरातीतलं घोडं!" शत्रू असावा तर असा.

पण शेषेराव गंभीर. म्हणाले, "चौकात ऐकलं, कापड विलायती हाय. खरं का? मेजर, थाट कुठलाबी असो, ते मी मान्य केलं. पण पंधरा ऑगस्टला परदेशी कापड मी मैदानावर येऊ देणार न्हाई."

मी काठी खाली टेकवली. हॉटेलात बसून फुशारकी मारली ती मीच. आता बारा पोरींचा मान माझ्या तोंडानं घालवला. आणि कोट परत ट्रंकेत.

तेवढ्यात पंचशीला पुढं झाली. डोळ्याला डोळा देऊन म्हणली, "सर, ह्यातला एक धागाबी परदेशी न्हाई. कापड इथलंच हाय. मी जबाबदार."

शेषेरावांनी मान हलवली. पास.

पोरी नाचल्या. मी न्हाई नाचलो. माझी पोरगी, मास्तरीण, पंचशील म्हणणारी, माझ्या पायी खोटं बोलली. ह्यापेक्षा गुरुपादप्पा वाजवता तर बरं होतं.

१३ ऑगस्ट

दोन दिवस माझं ताट तसंच परत जातंय. पंचशीलाला म्हणलं, "माझ्यासाठी खोटं बोलायचं न्हाई." ती म्हणली, "आबा, मी खोटं बोलले न्हाई," आणि पुन्हा खोकली. पोरगी हसणं दाबून राहिली होती की काय? ह्यात हसण्यासारखं काय हाय!

ठरवलं. वाजवून होऊ द्यायचं, पोरींचा काय दोष? मग शेषेरावांना एकटं गाठून खरं सांगायचं. काय शिक्षा देतील ती मला.

१५ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळ

सकाळची हजेरी लिहायची राहिली. पहाटेच मैदानावर पळालो. सगळं ओळीनं लिहितो.

धूळ बसावी म्हणून मैदानावर पाणी मारायला टँकर आला होता. फाटकातच बायकांनी घागरी घेऊन घेराव घातला. टँकर रिकामा झाला, मैदान कोरडंच राहिलं, बायका घरी घागरी ठेवून परत बघायला आल्या. शेषेरावांनी तिकडं पाठ केली. म्हणलं ना, भला माणूस हाय.

झेंडा वर गेला. मी कोटाची बटणं चाचपली, काठी उचलली. "बँड, तेज चल!"

सिंधुनं ढोलावर पहिला ठोका दिला आणि माझे गुडघे वीस वर्षांचे झाले. खरं सांगतो. मागं बारा घागरे डाव्या-उजव्या लयीत हलत होते, चुण्या उघडत-मिटत होत्या, धूळ पायात उडत होती. मोठ्या माणसांच्या मांडवापुढून गेलो. मग गर्दीसमोर वळलो, तिथं काठी हवेत उंच फेकून झेलायची, असं महिन्यापासून ठरलेलं. फेकली.

काठी वर हाय, आणि गर्दीतून धोंडाबाई ओरडली, "अगं बया! माझं लुगडं चाललं बघा!"

तिच्या मागून दुसरी. "ते जांभळं माझं! माझ्या बाळंतपणातलं!"

"लाल-पांढरं आमच्या सासूचं!"

"ए पोरी, ताठ चाल, माझ्या आईचं हाय ते!"

मी वर बघायचं सोडून मागं बघितलं. ड्रम मेजर मागं बघत न्हाई, कधीच न्हाई, पण मी बघितलं. विलायत कसली, बोट कसली! ते चौकडे मी जन्मभर बघितले होते. विहिरीवर, शेतात, बाजारात, वाळत घातलेले. सिंधुच्या अंगावर धोंडाबाईचं. ज्या घरची पोरगी, त्या घरचं लुगडं. आणि टोकाला ताशावाल्या पोरीचा, जिला आजी न्हाई तिचा, हिरवा-काळा. चांगुणाचा. बाकीच्यांच्या चुण्यांत कापड कमी पडलं तिथंबी तिचीच लुगडी. डावीकडं माझंच रफू, पलटणीच्या काळ्या दोऱ्याचं.

काठी खाली आली ती थेट छातीवर. दोन्ही हातांनी कवटाळली. लोकांना वाटलं, तसाच डाव हाय. टाळ्या पडल्या.

संपल्यावर शेषेरावांना शोधायला गेलो तर तेच समोरून आले. डोळे ओले. म्हणाले, "मेजर, एक धागाबी परदेशी न्हाई." मी म्हणलं, "न्हाई साहेब. माझी पोरगी खोटं बोलत न्हाई." पंचशीला बाजूला होती. तिला पोटाशी धरलं, मोठ्या मास्तरणीला, सगळ्यांसमोर.

धोंडाबाई गर्दीतून वाट काढत आली. कोटाकडं बघत राहिली. म्हणली, "साहेबराव, एकोणपन्नास साली आमचं घर वेशीपाशी व्हतं. मी नवी सून, दाराआड उभी. सगळं बघितलं. बोलायची सोय नव्हती." मग थांबून म्हणली, "त्या दिवशीबी लई झोकात दिसत व्हता तुमी. आज सांगितलं." आणि पदरानं माझ्या बाहीवरची धूळ झटकली.

घरी येऊन कोट काढला. घामानं आतून भिजला होता, म्हणून उलटा करून वाळत टाकायला गेलो. दोन्ही काखांखाली, थेट कमरेपर्यंत, शिवण उसवून मधी बसवलेल्या पट्ट्या. कुंकवाच्या रंगाचा बारीक चौकडा. तिचं लग्नाचं लुगडं. वेशीत ज्यात कोट गुंडाळला होता, ते.

म्हंजे पोट उतरलंच नव्हतं.

चांगुणा दारात उभी. पांढऱ्या पातळात, बोटाला चिंधी. म्हणली, "निश्चय पाहिजे."

मला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही. म्हणलं, "अगं, सगळी लुगडी दिलीस? ते लग्नाचं तरी ठेवायचंस!"

"ठेवूनच दिलं व्हतं की इतकी वर्षं ट्रंकेत. त्या दिवशी कोट लुगड्यात लपवला. म्हणलं, आता लुगडं कोटात जाऊ दे, आणि जाऊ दे उघड्यावर, बँड लावून."

"घरोघरची लुगडी गोळा केलीस, मला सांगितलं काहून न्हाईस?"

"सांगितलं असतं तर विलायती न्हाई म्हणून नाक मुरडलं असतं तुमी."

मुरडलं असतं. काय खोटं बोलायचं.

मी कोट झटकला, सुलटा केला आणि तिच्या खांद्यावर टाकला. "या बया, काय करून राहिलात!" म्हणत होती, पण हात बाह्यांत घातले. बटणं मी लावली, सिंहांची, एकेक. टोपी दिली, ती तिनं आपणहून तिरपी केली. पंचशीला आरसा घेऊन धावत आली. चांगुणानं आरशात बघितलं, मान वर केली आणि अंगणातून चार पावलं चालून दाखवली. पाय माझ्यापेक्षा सरळ पडतात तिचे. शेजारणी भिंतीवरून बघून राहिल्या होत्या, बघू दे.

मी सावधान उभा राहून सलाम ठोकला. तिनं बरोबर परत केला. कधी शिकली, कोणास ठाऊक.

सकाळची हजेरी आता लिहितो.

पाऊस गैरहजर. साहेबराव हजर. पंचशीला हजर. चांगुणा हजर, कोटासहित.